फिकट तपकिरी वंशाची कैफियत
अमेरिकेच्या मेन राज्यात, अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यालगतच्या माउंट डेझर्ट बेटावर, क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२९ साली जी जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली, तिच्या दफ्तरातील सर्वांत जुना मूषकवंश म्हणजे फिकट तपकिरी रंगाचा डीबीए; तो लिटल यांनीच १९०९ साली, रंगाच्या आनुवंशिकतेचा शोध घेताना, पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींचा संकर करून सिद्ध करण्यास आरंभ केला होता. या वंशाचा अपस्माराशी काही संबंध असेल अशी शंका येण्याचे तेव्हा कारण नव्हते. परंतु १९४७ साली कॅल्विन हॉल या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की घंटेच्या कर्कश नादाने या वंशातील पिल्ले आकडी येऊन मरतात, आणि सी-५७ वंशाची काळी पिल्ले मात्र तोच नाद बहुधा सुखरूप सोसतात.

आकडीचा क्रम ठरलेला असतो. तीन आठवड्यांचे पिल्लू घंटा वाजताच क्षणभर थबकते, मग पेटीच्या भिंतीला धरून बेभान धावत सुटते, कुशीवर कोसळून पाय झाडू लागते, आणि अखेरीस मागचे पाय ताठ मागे ताणले जाऊन त्याचा श्वास थांबतो. त्या घटकेला यंत्राने कृत्रिम श्वास दिला, तर ते पुष्कळदा वाचते. हे सारे मिनिटभराच्या आत उरकते, आणि तीन आठवड्यांच्या वयात इतके सहज घडणारे हे अरिष्ट प्रौढ वयात बहुधा टळते, कारण मेंदू परिपक्व होत जातो आणि त्याच सुमारास या वंशाची श्रवणशक्तीही झपाट्याने क्षीण होऊ लागते.

याहून विलक्षण गोष्ट काळ्या वंशाची आहे. जन्मतः निर्धास्त असलेल्या पिल्लास योग्य वयात एकदा प्रचंड नाद ऐकवला, की काही दिवसांनी तोच नाद त्याला आकडी आणतो: कर्णाला झालेल्या इजेमुळे मध्यमेंदूतील श्रवणकेंद्र अतिसंवेदनशील बनते. म्हणजे आकडीची प्रवणता केवळ रक्तातून येते असे नव्हे, ती कानावाटेही शिरते. आणि म्हणूनच ज्या अहवालात पिल्लांचे वय व पूर्वेतिहास नमूद नाही, तो माझ्या मते विश्वासास पात्र नाही.

आकडी आणि तिने होणारी हानी यांचाही हिशेब निराळा मांडावा लागतो. झटके आणणारे कायनिक आम्ल टोचल्यावर सी-५७ उंदरास तीव्र झटके येतात, तरी त्याच्या मेंदूच्या हिपोकॅम्पस या भागातील पेशी बव्हंशी शाबूत राहतात. एफव्हीबी वंशात तशाच झटक्यांनंतर त्या मोठ्या संख्येने मरतात.

जनुकदोषाचा परिणामही असाच वंशागणिक बदलतो. बालवयातील ड्राव्हे या अपस्मार-विकाराशी ज्याचा संबंध आहे, त्या सोडियम-मार्गाच्या जनुकाची एक प्रत निकामी केली असता १२९ वंशातील उंदीर जवळजवळ निरोगी जगतात, आणि त्यांचाच सी-५७ शी संकर केला, की संततीस तिसऱ्या आठवड्यापासून झटके येऊन कित्येक पिल्ले दगावतात. या तफावतीचा माग काढत संशोधक गॅब्रा-२ या जनुकापाशी पोहोचले. मेंदूला आवर घालणाऱ्या संदेशग्राहकाचा एक घटक घडवणारे हे जनुक सी-५७ च्या जॅक्सन प्रयोगशाळेतील ‘जे’ उपवंशात एका अक्षराच्या लोपामुळे मंदावलेले आहे. ते एकच अक्षर पूर्ववत बसवले, तेव्हा निकामी सोडियम-जनुक घेऊन जन्मलेली पिल्ले अधिक संख्येने जगू लागली.