गाडीचा ‘ताप’ किती अंशांपर्यंत नॉर्मल?

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही. ४७-४८ अंशांपर्यंतही तो पोहोचलेला आहे. हेच दिवस लग्नांचे आणि सुट्यांचे. भरलेल्या छोट्या गाड्या मूल, सावलीमार्गे गडचिरोलीकडे आणि तिथून चामोर्शी, आलापल्ली, सिरोंच्यापर्यंत धावत असतात. हल्ली गाडीला एक छोटेसे उपकरण जोडून इंजिनचे तापमान मोबाइलवर पाहता येते. त्यावर ९६ किंवा १०१ असा आकडा दिसला, की चालकाच्या पोटात गोळा येतो. पाणी १०० अंशांना उकळते, मग इंजिनचे काय होणार?

घाबरण्याचे कारण नाही. आपल्या शरीराचे नॉर्मल तापमान ३७ अंश, तसे छोट्या पेट्रोल गाडीतील कूलंटचे साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअस. मॉडेलनुसार यात थोडा फरक पडतो. इंजिन थंड असेल तर पेट्रोल जास्त लागते आणि झीजही वाढते, म्हणून ते मुद्दाम गरम ठेवले जाते.

पंखा आणि झडप

इंजिन सुरू केल्यावर थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते. कूलंट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोहोचले, की ती उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जाऊ लागते. गाडी रेल्वे फाटकावर थांबली, की वारा मिळत नाही आणि तापमान चढते. बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० अंशांच्या सुमारास पंखा सुरू होतो, तापमान काही अंश उतरवतो आणि बंद होतो. त्यामुळे मोबाइलवरचा आकडा खाली-वर होणे ही व्यवस्था ठीक चालल्याची खूण आहे. डॅशबोर्डवरचा काटा मात्र बराच वेळ मध्यावरच दिसतो, कारण किरकोळ चढउतार त्यावर दाखवलेच जात नाहीत. अनेक नव्या गाड्यांत काटाही नसतो. थंड असताना निळा आणि जास्त तापल्यावर लाल, असे दिवेच असतात.

१०१ अंशांनाही कूलंट उकळत नाही, ते दोन कारणांनी. एक, त्यात पाण्याबरोबर ग्लायकॉल असते. दुसरे, ही व्यवस्था प्रेशर कुकरसारखी बंद असते. दाबाखाली साधे पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळते. कूलंटची मर्यादा त्याहूनही वर असते.

४७ अंशांचे गणित

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. हिवाळ्यात हवा २५ अंश आणि कूलंट ९५ असेल, तर फरक ७० अंशांचा. मे महिन्यात हवा ४७ अंश असेल, तर तो ४८ वर येतो. म्हणजे रेडिएटरची क्षमता जवळपास एक तृतीयांशाने घटते. त्यात एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, त्यामुळे त्याला आधीच तापलेली हवा मिळते.

तरीही निरोगी गाडीला हे झेपते. न झेपल्यास दोष उन्हाचा नसतो. उन्हाने तो फक्त उघडा पाडलेला असतो. कूलंटची गळती, बंद पडलेला पंखा, कोळशाच्या किंवा सिमेंटच्या धुळीने बुजलेली जाळी, वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरल्याने आत साचलेले क्षार, ही नेहमीची कारणे. उन्हाळ्यापूर्वी मेकॅनिककडून एवढे तपासून घेतले तरी पुरते. कूलंटची पातळी तर घरीही, इंजिन थंड असताना, बाटलीवरच्या खुणांमध्ये पाहता येते.

लाल दिवा लागला तर

एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा, सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. वाफ दिसत असेल तर लगेच थांबा. वाळलेल्या पानांवर किंवा गवतावर गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागू शकतो.

रेडिएटरची टोपी गरम असताना कधीही उघडू नका. दाब सुटताच आतील द्रवाची वाफ होऊन तो चेहऱ्यावर आणि हातांवर उसळतो. भाजल्यास २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट लावू नका. इंजिन पुरते थंड व्हायला पाऊण तास किंवा अधिकही लागतो.

या पाऊण तासात खरा धोका माणसांना असतो. ४७ अंशांच्या हवेतही कूलंट तिच्यापेक्षा ४८ अंशांनी गरम असते, त्यामुळे इंजिन उष्णता बाहेर टाकू शकते. आपले शरीर मात्र त्या हवेपेक्षा १० अंशांनी थंड असते. हवा उलट आपल्याला तापवते आणि वाचवतो तो फक्त घाम. म्हणून बंद गाडीत बसून राहू नका. दारे उघडी ठेवा. जंगलपट्ट्यात सावली शोधत आत जाऊ नका, वाघांचा वावर असतो. सर्वांनी रस्त्यालगत, गाडीजवळच थांबावे. लहान मुले आणि वृद्धांना मिळेल त्या एसटीने किंवा वाहनाने पुढे पाठवा. कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध पडले तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गडचिरोलीच्या आतील भागात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, त्यामुळे दवाखान्याकडे जाणारे पहिले वाहन थांबवा.

थंड झाल्यावर अडचणीपुरते साधे पाणी भरून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. पण पिण्याचे पाणी आधी माणसांसाठी राखा. गाडीसाठीचा पाच लिटरचा डबा वेगळाच असावा.

उरलेले कूलंट शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका. ते रंगीत आणि चवीला गोड असते, पण त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून मूत्रपिंडे निकामी करते. मुलाने ते प्यायल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा.