एक लिटर पाणी, मोजून

पटकीच्या रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहणारी घडी, हाताला न लागणारी नाडी. इथवर यायला काही तास पुरतात. पटकीच्या वॉर्डातली खाट त्यासाठीच वेगळी असते. मधोमध भोक, त्याखाली खुणा केलेली बादली. जेवढे बादलीत पडले तेवढे रोग्याच्या पोटात परत गेले पाहिजे, हा उपचाराचा सगळा हिशेब.

हे पाणी जाते कसे, ते कोलकात्यात उलगडले. शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. आतडे पाण्याने टम्म फुगले. म्हणजे करणी जंतूच्या विषाची होती. हे त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. या विषाने आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर ओतले जाते. मात्र ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी वाट शाबूत राहते. नुसते मीठ किंवा नुसते पाणी पाजून फारसे साधत नाही. साखर सोबत असली की मीठ आत जाते आणि मिठामागे पाणी.

या वाटेचा मोठा कस लागला १९७१ मध्ये, सीमेजवळच्या बनगावात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली होती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते आणि ते लावणारे हातही कमी होते. डॉ. दिलीप महलानबीस यांनी कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रात पुड्या बांधायला घेतल्या. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद. बनगावात हे पाणी पिंपात कालवायचे, तोटीखाली पेला धरायचा आणि नातेवाइकांनीच पाजायचे. ‘तोंडाने घ्यायचे सलाइन’ असे नाव दिल्यावर लोकांचा विश्वास बसला. सलाइन या शब्दाचा दरारा तेव्हाही होताच. या शिबिरातले मृत्यू सुमारे ३.६ टक्क्यांवर आले. सलाइनअभावी ते ३० टक्क्यांपर्यंत जात होते.

महाराष्ट्रात याच पुडीला जलसंजीवनी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या पुडीत लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. चूक बहुधा घरात होते, तीही मापाची. लिटरची अख्खी पुडी एकदम कशाला फोडायची, म्हणून पेलाभर पाण्यात चमचाभर भुकटी टाकली जाते. द्रावण दाट झाले की ते आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात; गोड शीतपेयाचेही तेच. पुडी पूर्ण फोडावी, पाणी मोजून घ्यावे, चव अश्रूंहून खारट नसावी, २४ तासांनी उरलेले ओतून टाकावे. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करायचे.

बाकी औषधांची कामे मर्यादित आहेत. नाडी लागत नसलेल्याला आधी शिरेतूनच द्रव द्यावा लागतो. तीव्र पटकीत डॉक्टर डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन देतात. त्याने जुलाबांचे प्रमाण आणि दिवस कमी होतात. साध्या जुलाबात प्रतिजैविकाची बहुधा गरज नसते, तरी औषधांच्या दुकानात पहिली मागणी त्याचीच. लोपेरामाइड आतड्याची चाल मंदावते, गेलेले पाणी भरून काढत नाही. लहान मुलांना आणि रक्त पडत असताना ते देत नाहीत. मुलांना जस्ताची गोळी १० ते १४ दिवस देतात: सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानांना १०. अंगावरचे दूध एका पाजणीपुरतेही थांबवत नाहीत, आणि भूक लागताच मऊ भात किंवा पेज सुरू होते.