हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जोडणी : प्रमाणपत्र कशाचे असते?

म्हैसूरहून नंजनगूड व चामराजनगरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील पहिले स्थानक चामराजपुरम. या भागातील एखाद्या अगरबत्ती उत्पादकाचे उदाहरण घेऊ. बांबूच्या काड्या, कोळशाची पूड आणि जिगट हा माल तो घरोघरी काम करणाऱ्या स्त्रियांकडे वळण्यासाठी देतो. वळलेली कच्ची काडी परत आली की तिला सुगंध देऊन पुड्यांत भरतो. कोणाकडे किती माल गेला, किती परत आला, किती घट धरली, हे टिपण्याची सोय त्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला हवी तशी नाही. मग स्थानिक संगणक-जाणकाराकडून तो एक छोटी पूरक आज्ञावली बसवून घेतो. व्यवहारात आपण तिला 'अ‍ॅड-ऑन' म्हणतो. आपल्या खातेदारांपैकी अनेक व्यापारी बंधु-भगिनींच्या संगणकांत अशी एखादी तरी जोड असतेच. हे सर्वस्वी योग्य आहे. प्रश्न एवढाच, की ती जोड भरवशाची आहे हे ठरवावे कोणी?

आपल्याकडे हा विषय प्रामुख्याने टॅलीच्या संदर्भात येतो. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भारत गोयंका यांनी 1986 मध्ये बेंगळूर येथे सुरू केलेल्या कंपनीची ही प्रणाली. तिच्यात भर घालण्यासाठी टीडीएल नावाची स्वतंत्र संगणकभाषा आहे. या भाषेत लिहिलेली फाईल वाचता येते, तपासता येते, दुरुस्तही करता येते. तीच फाईल टीसीपी या बंद स्वरूपात दिली गेली, तर आतील सूत्रे वापरणाऱ्यास दिसत नाहीत. विकसकाच्या दृष्टीने हे रास्त आहे, कारण त्याची मेहनत कोणी फुकट उचलून नेऊ नये. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र तो कुलूपबंद डबा ठरतो, आणि नेमक्या अशा ठिकाणी मूळ कंपनीच्या तपासणीचे मोल वाढते.

अशी तपासणी कशी होते, हे एसएपी या जर्मन कंपनीच्या पद्धतीवरून नीट समजते. इतरांनी तयार केलेली उत्पादने तपासण्यासाठी त्या कंपनीचे स्वतंत्र केंद्र आहे. विकसकाने अर्ज करावा, शुल्क भरावे आणि ठरलेल्या चाचण्या यशस्वी करून दाखवाव्यात, अशी रीत आहे. उत्तीर्ण उत्पादनांची नावे जाहीर यादीत येतात. कंपनीच्या लहान उद्योगांसाठीच्या 'बिझनेस वन' या प्रणालीत जोड तयार करणाऱ्यास स्वतःचे ठरावीक उपपद घ्यावे लागते, म्हणजे दोन विकसकांनी वाढविलेले रकाने एकमेकांवर आदळत नाहीत. शिवाय नोंदी मूळ प्रणालीने दिलेल्या अधिकृत वाटेनेच आत गेल्या पाहिजेत. माहितीसाठ्यात थेट हात घालून आकडे लिहिणे तेथे निषिद्ध मानले जाते. यामागील कारण साधे आहे. पुढच्या दाराने आलेली नोंद प्रणाली पारखून घेते : जमा आणि नावे जुळतात का, तारीख वर्षात बसते का, खाते अस्तित्वात आहे का. मागच्या दाराने शिरलेल्या नोंदीला यांपैकी कोणीच काही विचारत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. मूळ कंपनीचे प्रमाणपत्र जोडणीचे असते, आपल्या धंद्याच्या गणिताचे नसते. अमुक जोड अमुक आवृत्तीवर नीट बसते व ठरलेल्या वाटेने चालते, एवढेच ते सांगते. अगरबत्तीच्या वळणावळीत किती टक्के घट धरावी, हे बेंगळूरच्या किंवा जर्मनीच्या तपासनिसास ठाऊक असण्याचे कारण नाही.

या गणिताचा संबंध थेट बँकेशी येतो. वरील उत्पादकाचे कॅश क्रेडिट खाते आहे असे समजू. दरमहा तो जे साठापत्रक बँकेस देतो, त्यावरून त्याची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम ठरते. साठा 40 लाख रुपयांचा, त्यातून मालाचे देणे 12 लाख वजा जाता 28 लाख उरले. त्यावर 25 टक्के मार्जिन धरले, तर 21 लाख. नव्वद दिवसांच्या आतील येणे 16 लाख, त्यावर 40 टक्के मार्जिन धरता 9.60 लाख. एकूण 30.60 लाख. (मार्जिनचे प्रमाण प्रत्येकाच्या मंजुरीपत्रानुसार वेगळे असते.) आता घरोघरी दिलेला 6 लाखांचा माल अ‍ॅड-ऑनने एकदा गोदामात आणि एकदा कारागिरांकडे, असा दोनदा मोजला, तर साठा 46 लाख दिसेल आणि ड्रॉइंग पॉवर 35.10 लाख होईल. साडेचार लाखांची ही वाढ निव्वळ कागदावरची आहे. बँकेच्या अधिकाऱ्याने गोदामाची पाहणी केली, की तफावत उघडी पडते, आणि खातेदाराने जाणूनबुजून काही केले नसतानाही खुलासा त्यालाच द्यावा लागतो. पत्रकाखाली सही त्याची असते, विकसकाची नव्हे.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर आणखी एक बंधन येते. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांनी हिशेबासाठी असेच सॉफ्टवेअर वापरावयाचे आहे, ज्यात प्रत्येक व्यवहाराचा व त्यातील प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहतो आणि तो माग बंद करता येत नाही. लेखापरीक्षकास आपल्या अहवालात याविषयी लिहावे लागते. एकल मालकी किंवा भागीदारी संस्थेस हा नियम लागू नाही. तेव्हा कंपनीने विकसकास लेखी विचारावे, की तुमच्या जोडीमधून आलेली वा बदललेली नोंद या मागात उमटते का? 'सर्व काही ठीक चालते' हे उत्तर पुरेसे मानू नये.

प्रमाणपत्राला आवृत्तीची मर्यादा असते, हेही पुष्कळदा विसरले जाते. 2020 च्या अखेरीस टॅलीप्राइम आले, 2023 मध्ये त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत जीएसटीच्या नोंदींची रचना बदलली. अशा प्रत्येक बदलानंतर जुनी जोड पूर्वीसारखीच वागेल असे गृहीत धरणे धोक्याचे. ई-इनव्हॉइसचेही तसेच आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर असलेल्या व्यावसायिकांना ते बंधनकारक झाले. बिलाची माहिती शासनाच्या नोंदणी पोर्टलकडे पाठविणारी जोड शासनाच्या चाचणी-यंत्रणेवर तपासलेली आहे का, हे मूळ कंपनीच्या प्रमाणपत्राखेरीज वेगळे विचारावे लागते.

खातेदाराने स्वतः काय पाहावे? प्रथम आपल्याकडे नेमके काय बसविले आहे ते. टॅलीप्राइममध्ये एफ-1 कळ दाबली, की टीडीएल आणि अ‍ॅड-ऑनची यादी मिळते. वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेली ही यादी प्रथमच उघडल्यावर अनेकांना आश्चर्य वाटेल. नको असलेली जोड काढून टाकावी. कन्नडमध्ये बिल छापून देणारी जोड बिघडली, तर फार तर कागद वाया जाईल. साठा, व्याज किंवा कर यांचे आकडे बदलणारी जोड मात्र वेगळ्या पंक्तीची, तिच्यासाठी जास्त वेळ द्यावा. हिशेबाची एक प्रत काढून तीवर एका संपलेल्या महिन्याचे काम जोड चालू ठेवून व बंद ठेवून असे दोनदा करावे. तेरीजपत्रक आणि साठ्याचा गोषवारा शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. फरक आला तर त्याचे कारण विकसकाने आकड्यानिशी सांगावे.

खरेदीच्या वेळी करारात दोन कलमे असावीत. मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीनंतर किती दिवसांत जोड तपासून मिळेल, हे एक. विकसकाने व्यवसाय बंद केल्यास टीडीएलची वाचता येणारी फाईल कोणाकडे मिळेल, हे दुसरे. एकट्या माणसाकडून काम करून घेतलेल्या ठिकाणी हे दुसरे कलम अधिक गरजेचे, आणि तेथेच ते बहुधा गाळलेले असते.

नवी जोड बसविल्यानंतरचे पहिले साठापत्रक देण्यापूर्वी गोदामातील व कारागिरांकडील माल एकदा हाताने मोजून आकडे जुळवून घ्यावेत. मोजणीचा तो कागद दिनांक व सहीसह पत्रकाच्या स्थळप्रतीला जोडून ठेवावा, म्हणजे शाखेतून विचारणा झाल्यास दाखविता येईल.