मोबाईलवरचे कॉलेज : फी भरण्याआधी

संध्याकाळी आपल्या कुठल्याही वस्तीत डोकावून पाहा. दहा बाय बाराची खोली. एका बाजूला आई भाकरी थापते आहे, दुसऱ्या बाजूला टीव्ही चालू आहे आणि भिंतीला टेकून कॉलेजात जाणारी लेक एक कान झाकून मोबाईलवर व्याख्यान ऐकते आहे. घरात चांगला मोबाईल एकच. वडील कामावरून येतात आणि विचारतात, “झालं का गं बाळा? मुकादमाचा फोन यायचाय.” लेक म्हणते, “दहाच मिनिटं, बाबा.” आई तव्यावरची नजर न काढता विचारते, “अगं, ह्या मोबाईलवरच्या कॉलेजची डिग्री खरी असते का?”

आईचा प्रश्न साधा आहे, पण लाखमोलाचा आहे. कारण आज घरोघरी फोन येतात, “घरबसल्या पदवी घ्या, नोकरीची हमी.” पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे त्या एका फोनवर जाऊ शकतात.

तसे पाहिले तर घरी राहून पदवी घेणे आपल्याला नवे नाही. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. दिवसभर काम करून, रात्री पुस्तके वाचून, सुट्टीच्या दिवशी अभ्यास केंद्रावर जाऊन आपल्यातल्या कित्येकांनी पदवी मिळवली. आता पुस्तकाच्या जोडीला मोबाईल आला आहे, एवढाच फरक.

या मोबाईलमध्ये फुकट मिळणारे धन पुष्कळ आहे. देशातल्या आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्याने त्यामुळे कुणालाही ऐकता येऊ लागली. २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ सुरू केले. त्यात व्याख्यान, वाचनाचे साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारण्याची जागा, अशी चारही अंगे असतात. शिकायला पैसा लागत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना त्या शुल्कात सवलत असते, म्हणून फॉर्म भरताना जातीचा दाखला जवळ ठेवावा. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांच्यासाठी ‘स्वयंप्रभा’ या टीव्ही वाहिन्या आहेत.

पण येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्रमाणपत्र वेगळे आणि पदवी वेगळी. ‘स्वयम्’वरचा अभ्यासक्रम तुमच्या पदवीत धरला जाऊ शकतो. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येतात, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२१ चा नियम आहे. परंतु तुमचे कॉलेज तो विषय मान्य करते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. परीक्षा दिल्यावर विचारून उपयोग नाही.

संपूर्ण पदवी ऑनलाइन घ्यायची असेल तर आयोगाचे २०२० चे नियम लागू होतात. ज्या विद्यापीठाला मान्यता आहे, त्याची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असते, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे आईच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आहे, पण मान्यता असेल तरच. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांची पदवी ऑनलाइन घेता येत नाही. कुणी देतो म्हणत असेल तर तेथून उठावे. खाजगी कंपनीशी भागीदारी करून दिलेली ‘ऑनलाइन पीएच.डी.’ मान्य नाही, असा इशाराही आयोगाने त्याच वर्षी दिला.

मान्यतेचा प्रश्न सुटला तरी सगळे सुटत नाही. २०१३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने एका कंपनीच्या मदतीने गणिताचे ऑनलाइन वर्ग चालवून पाहिले. त्यात गणितात आधी नापास झालेली आणि गरीब वस्तीतल्या शाळेतली मुलेही होती. निम्म्याहून अधिक विद्यार्थी नापास झाले. काही मुलांच्या घरी तर संगणकाचीच सोय नव्हती! प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळ्यातल्या पुढच्या वर्गाचा निकाल चांगला आला, पण त्यातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी आधीच पदवीधर होते. ज्याला अभ्यासाची सवय आहे, ज्याच्या घरात साधने आहेत, तो मोबाईलवरही शिकतो. ज्याचा पाया कच्चा राहिला, त्याला विचारणारा आणि समजावणारा माणूस लागतो.

आपल्या घरांचे काय? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शंभरांपैकी सुमारे २४ घरांत इंटरनेट आणि ११ घरांत संगणक होता. आणि २०२० च्या मार्चमध्ये अचानक सगळी कॉलेजे मोबाईलवर गेली! त्यानंतर मोबाईल वाढले, पण खोली तेवढीच राहिली. घरात एकच मोबाईल असला की तो आधी मुलाच्या हातात जातो आणि मुलगी भांडी घासून झाल्यावर उरलेल्या वेळात शिकते. हे आपल्याच घरात घडते, ते आपणच थांबवायचे आहे.

म्हणून माय-बापांनो, पैसे भरण्याआधी एवढे करा. विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते शिकलेल्या मुलाकडून स्वतःसमोर पाहून घ्या. शिष्यवृत्ती लागू होते का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. ‘सोपा हप्ता’ म्हणजे कुणाच्या नावावरचे कर्ज तर नाही ना, ते कागद वाचून पाहा. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका. शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये पालकांना हीच सूचना दिली होती. आणि फोनवर ‘आजच शेवटचा दिवस’ म्हणणाऱ्याला सांगा, आम्ही उद्या विचार करून कळवू.

आणखी एक. विहाराची किंवा समाजमंदिराची खोली संध्याकाळी रिकामी असेल तर तेथे दोन तास अभ्यासासाठी ठेवता येतील. एक दिवा, एक सतरंजी, एक इंटरनेटची जोडणी आणि वस्तीतला एक पदवीधर भाऊ किंवा बहीण, एवढे पुरते. पाचजण मिळून एकच व्याख्यान ऐकतील, थांबवतील, एकमेकांना विचारतील. व्याख्यानाचे इंग्रजी अडले तर तो भाऊ मराठीत समजावेल.

मग घरातल्या त्या लेकीला वडिलांच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही. आणि तिने आईला, “हो आई, खरी असते, मी यादीत बघितलंय,” असे सांगितले, की आईही निर्धास्तपणे साठवलेले पैसे काढून देईल.