गाजलेलं संशोधन आणि सिद्ध झालेला उपाय

ऑगस्ट 2017 मध्ये सिडनीच्या व्हिक्टर चँग कार्डियाक रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या सॅली डनवूडी यांच्या गटाचा शोधनिबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मणके, हृदय, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांत जन्मतःच व्यंग असलेल्या मुलांच्या चार कुटुंबांत एचएएओ किंवा केवायएनयू या जनुकांत बिघाड सापडला होता. त्यामुळे पेशींना लागणारं एनएडी हे रसायन शरीरात पुरेसं तयार होत नव्हतं. हीच जनुकं निकामी केलेल्या उंदरांच्या भ्रूणांतही तशीच व्यंगं दिसली. गाभण मादीला नायसिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-3, दिल्यावर ती व्यंगं टळली. बातम्या जगभर पसरल्या. काही मथळ्यांत तर हे जीवनसत्त्व असलेलं, ऑस्ट्रेलियात पावाला लावून खातात ते व्हेजमाइटही झळकलं.

कुठल्या संशोधनाची ऑनलाइन किती चर्चा झाली हे सांगणारा एक आकडा हल्ली अनेक वैद्यकीय नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर रंगीत कड्यात दिसतो. त्याला ‘अल्टमेट्रिक स्कोअर’ म्हणतात. जन्मजात व्यंगांसारख्या हळव्या विषयावरचा अभ्यास असला की हा आकडा झपाट्याने चढतो आणि त्याचा अर्थही तितक्याच झपाट्याने चुकीचा लावला जातो.

गैरसमज : स्कोअर मोठा, म्हणजे संशोधन भक्कम.

वस्तुस्थिती : स्कोअर उल्लेख मोजतो. प्रत्येक उल्लेखाला ठरावीक वजन असतं: बातमीला साधारण 8, ब्लॉगला 5, विकिपीडियाला 3, समाजमाध्यमांवरच्या पोस्टला त्याहून बरंच कमी. कौतुक आणि टीका दोन्ही बेरजेतच जातात. 1998 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध अवघ्या 12 मुलांवर बेतलेला होता. तो 2010 मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याची चर्चा थांबलेली नाही. त्याला खोडून काढणारी बातमीही त्याच्याच खात्यात भर घालते.

गैरसमज : लोकांत झालेली सगळी चर्चा या आकड्यात येते.

वस्तुस्थिती : संगणकाला उल्लेख सापडायला हवा. त्यासाठी बहुतेक वेळा निबंधाची लिंक किंवा त्याची ओळख पटवणारा डीओआय क्रमांक लागतो. बातम्याही ठरलेल्या यादीतल्या संकेतस्थळांवरच्याच धरल्या जातात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा ‘गरोदर बायकांनी हे जीवनसत्त्व घ्यावंच’ असा फॉरवर्ड, टीव्हीवरची चर्चा किंवा छापील पुरवणीतला लेख यात कुठेच नसतो. म्हणजे सल्ला म्हणून ज्याचा सर्वांत जास्त परिणाम होतो, नेमकं तेच मोजमापाबाहेर राहतं. मेंडले या साधनात किती अभ्यासकांनी निबंध साठवून ठेवला, हे दाखवलं जातं, पण स्कोअरमध्ये धरलं जात नाही.

गैरसमज : दोन निबंधांचे स्कोअर शेजारी ठेवले की महत्त्वाचा कोणता ते कळतं.

वस्तुस्थिती : निबंध कधी आला आणि कुठे आला, यावर बरंच अवलंबून असतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 7 देशांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1991 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ज्या स्त्रियांच्या आधीच्या बाळाला मज्जारज्जूचं व्यंग होतं, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिल्यास पुन्हा तसं होण्याचा धोका सुमारे 72 टक्क्यांनी घटतो, असं त्यातून सिद्ध झालं. आज डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लिहून देतात, त्यामागे हा पुरावा आहे. तेव्हा ना फेसबुक होतं, ना अल्टमेट्रिक. हा स्कोअर काढणारी अल्टमेट्रिक ही कंपनीच 2011 मध्ये सुरू झाली. तुलना करायचीच असेल, तर त्याच सुमारास, त्याच नियतकालिकात आलेल्या निबंधांशी करावी.

गैरसमज : इतकी चर्चा झाली, म्हणजे उपाय सापडला.

वस्तुस्थिती : सिडनीच्या अभ्यासाने व्यंगांचं एक नवं जनुकीय कारण दाखवलं, आणि ही मोठीच गोष्ट आहे. पण माणसांतला पुरावा चार कुटुंबांचा होता आणि व्यंग टळल्याचा पुरावा उंदरांचा. गरोदर स्त्रियांना नायसिन देऊन पाहण्याची चाचणी त्यात नव्हतीच. फॉलिक अ‍ॅसिडच्या बाबतीत मात्र हजाराहून अधिक गर्भारपणांचा शेवटपर्यंत पाठपुरावा झाला होता. उंदरापासून माणसापर्यंतचं हे अंतर स्कोअर मोजत नाही आणि मथळा सांगत नाही.

गैरसमज : मग हा आकडा बिनकामाचाच.

वस्तुस्थिती : एखाद्या निबंधाचा दुसऱ्या निबंधांत संदर्भ दिला जायला वर्षं लागतात, चर्चा मात्र दोन दिवसांत कळते. म्हणूनच 2010 मध्ये काही संशोधकांनी जाहीरनामा काढून अशा मोजमापांचा आग्रह धरला. कड्यावर क्लिक केलं की उल्लेखांची यादी उघडते, आणि खरा उपयोग तिचाच आहे. तिथे सरकारी धोरणाचा किंवा उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांचा दस्तऐवज दिसतो, की एकच प्रसिद्धिपत्रक पन्नास ठिकाणी जसंच्या तसं छापलेलं दिसतं, हे पाहावं. मग मूळ निबंधाचा सारांश उघडून अभ्यास उंदरांवर होता की माणसांवर, आणि किती जणांवर, एवढं वाचावं. कुठलंही जीवनसत्त्व सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचा प्रश्नही हाच: याची चाचणी गरोदर स्त्रियांवर झाली आहे का?