पुढचं चाक गेलं कुठे?

शुक्रवारची रात्र, एफसी रोड. दोन कॉफ्या झाल्या, ऑफिसातल्या सगळ्यांची यथेच्छ निंदा झाली आणि मी बाहेर आलो. सायकल जागेवर, कुलूप जागेवर. पुढचं चाक मात्र गायब! माझी लाडकी सिंगल-स्पीड चिमटा फुटपाथवर टेकवून, देवळात नमस्कार घालावा तशी वाकून उभी होती.

‘‘अरे, बाकीची तरी आहे ना!’’ हे मित्राचं सांत्वन. दीडपट भाडं देऊन रिक्षात बसलो तेव्हा मांडीवर तीन-चतुर्थांश सायकल होती.

चूक माझीच होती. कुलूप मी मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घातलं होतं. पुढच्या चाकाला होतं क्विक रिलीज, म्हणजे दांडी उलटी करा, जरा फिरवा, चाक हातात. ते मीच हौसेनं घेतलं होतं. चोराला दहा सेकंद पुरली असतील.

आता नवीन चाक करायचं, म्हणजे नवीन हब निवडायचा. हब म्हणजे चाकाचा मधला गड्डा, ज्यातून आस जातो आणि ज्याला आरे अडकतात. माझ्या मागच्या चाकाला एका बाजूला फिक्स्ड गिअर आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील आहे. फिक्स्डमध्ये चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, पाय थांबवायची सोयच नाही. मूड असेल तसं चाक उलटं करून बसवायचं. म्हणून वाटलं, पुढे पण ‘ट्रॅक हब’च हवा. नेटवर शोधायला बसलो आणि पहाटे दोन वाजले.

मंडळी, काय एकेक नग आहेत! जपानमध्ये १९४८ साली कोकुरा शहरात केइरिन शर्यती सुरू झाल्या. त्यावर लोक अधिकृतपणे पैसे लावतात, म्हणून सायकलचा प्रत्येक भाग तपासून त्यावर ‘एनजेएस’ असा छाप मारतात. असा छाप असलेला चकचकीत शिमानो ड्युरा-एस हब बघून जीव खुळा होतो. कॅलिफोर्नियाच्या फिल वुड कंपनीचे १९७१ पासूनचे सीलबंद बेअरिंगचे हब तर दागिनेच म्हणायचे. किंमतही दागिन्यांची! तेवढ्यात माझी अख्खी सायकल आली असती.

शनिवारी सकाळी बाबांना स्क्रीन दाखवला. बाबांनी बावीस वर्षं काळ्या सायकलवरून पिंपरीचा कारखाना गाठलाय. चष्मा वर करून त्यांनी बघितलं आणि विचारलं, ‘‘पुढचं चाक ओढतं काय रे?’’

‘‘नाही.’’

‘‘ब्रेक कुठे लागतो?’’

‘‘रिमला.’’

‘‘मग त्या हबाला काम काय?’’

मी गप्प. पण प्रश्न बिनतोड होता. फिक्स्ड असो की सिंगल-स्पीड, पायाचा सगळा जोर मागच्या हबातून जातो. फिक्स्डमध्ये पाय रोखून वेग कमी करतो तेव्हा उलटा जोरही तिथेच. पुढच्या हबाला साखळी नाही, दातेरी चक्र नाही. त्यानं वजन पेलायचं आणि सरळ फिरायचं. म्हणजे पुढच्या बाबतीत ‘ट्रॅक’ या शब्दाला फारसा अर्थच उरत नाही. रोड बाइकचा साधा पुढचा हब अगदी चालतो. (डिस्क ब्रेक असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ब्रेकचा पीळ हबावरच येतो.)

तसंच त्या मोठ्या कडांचं. हबाच्या दोन्ही बाजूंना आरे अडकवायच्या चकत्या असतात. फिक्सीवाल्यांना त्या मोठ्या, भोकाभोकांच्या आवडतात. मागे त्याचा थोडा उपयोग आहे, कारण पायाचा पीळ तिथे आऱ्यांमध्ये उतरतो. पुढे? निव्वळ शो! चाक बाजूला लचकू नये यासाठी दोन चकत्यांमधलं अंतर जास्त महत्त्वाचं. पण दिसतात झकास, हे मान्य. मला पण हव्याच होत्या.

आऱ्यांचा हिशोब बाबांना तोंडपाठ. ‘‘आमच्या सायकलीला पुढे ३२, मागे ४०.’’ कारण वजन मागे जास्त, शिवाय कॅरिअरवर आई किंवा गव्हाचं पोतं. पुढचं चाक दोन्हीकडून सारखं असतं, आऱ्यांचा ताण समान बसतो, म्हणून तिथे कमी आऱ्यांवर भागतं. शोरूमच्या चाकांत २० किंवा २४ पण दिसतात. पण आपले रस्ते आणि माझं ७८ किलो वजन बघता मी ३२ वर ठाम राहिलो. एकच पथ्य : रिमला जितकी भोकं तितकीच हबाला. आणि आरे सरळ सूर्यकिरणांसारखे लावायचे असतील तर आधी हबाच्या कंपनीची परवानगी बघा. सगळे हब तो ताण सोसत नाहीत, चकतीची कड तडकू शकते.

खरा वाद झाला बेअरिंगवरून. बाबा वाटी-कोनवाले. लहानपणी दिवाळीच्या आधीचा एक रविवार याच कामाचा असे. डब्याच्या झाकणात रॉकेल, त्यात छर्रे, आणि मी ते मोजायचो. पुढच्या हबात बहुतेक एका बाजूला दहा, ३/१६ इंची. ‘‘एक हरवला तरी चाक बोलतं,’’ असा दम असायचा. वाटी-कोनचा हब आपण स्वतः उघडू शकतो, ग्रीस भरू शकतो, बारीक सैल-घट्ट करू शकतो. नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं चालतो. ड्युरा-एसचा तो महागडा हबही याच जातीचा. पण पावसाळ्यात चिखल शिरला आणि दुर्लक्ष झालं तर वाटीला खड्डे पडतात, आणि ती सहसा बदलता येत नाही. म्हणजे हबच बाद.

सीलबंद कार्ट्रिज बेअरिंगचं तसं नाही. खराब झालं की ठोकून काढा, नवीन बसवा. त्यावर नंबर असतो, ६०००, ६००१ वगैरे. हीच बेअरिंग इतर यंत्रांतही वापरतात, त्यामुळे ती सायकलच्याच दुकानात मिळायला हवीत असं नाही. नाना पेठेत बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला, काउंटरवरच्या काकांनी न बघता ड्रॉवर उघडला. मी तिथेच पाघळलो. हिंजवडीत दहा-दहा तास घालवणाऱ्या माणसानं दर पावसाळ्यात छर्रे धुवायचे, हे स्वप्नरंजन आहे.

‘‘आळशी,’’ एवढंच बाबा म्हणाले.

राहिला प्रश्न क्विक रिलीज की नट. क्विक रिलीज ही इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलोची देणगी. डोंगरातल्या शर्यतीत गारठलेल्या बोटांनी त्याला चाकाचे नट सुटेनात, त्यातून ही कल्पना सुचली, असा किस्सा सांगतात. वस्तू उत्तमच आहे, पण बंद करायची अक्कल हवी. मला नव्हती. पहिले तीन महिने मी ती दांडी नटासारखी गोल फिरवून ठेवत होतो, पलटी मारून घट्ट करायची असते हेच माहीत नाही! एकदा पाषाणला स्पीडब्रेकरवर हँडल जरा उचललं आणि ‘टक्’ असा आवाज आला. उतरून बघतो तर चाक खोबणीतून खाली घसरलेलं. चिमट्याच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून बारीक ओठ असतात, त्यांनी ते अडवून धरलं होतं. हे मी बाबांना त्या शनिवारी पहिल्यांदा सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठून माळ्यावरून पान्यांची पिशवी काढली.

नट ठरला.

मग मापं. चिमट्याच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर १०० मिलिमीटर भरलं, हल्लीच्या रिम ब्रेकच्या सायकलींत बहुधा तेवढंच असतं. जुन्या काळ्या सायकलीचा चिमटा वापरणार असाल तर आधी मोजा, तिथे फरक निघतो. खोबणी ९ मिलिमीटरची, म्हणून आसही ९ चा. बीएमएक्सचे काही हब १४ मिलिमीटर आसाचे असतात, स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. ‘‘कानस मारून बसवून देतो,’’ असं कुणी म्हणालं तर सायकल उचला आणि निघा.

दुकानात हब हातात घेऊन मी आस बोटांनी फिरवला. खरखर नाही, डुगडुग नाही. मोठ्या चकत्यांचा चंदेरी नग शेजारीच होता, तो थोडा वेळ हातात धरून परत ठेवला. लहान चकत्यांचा काळा, सीलबंद बेअरिंगचा, ३२ भोकांचा घेतला. उरलेल्या पैशांत चांगला पुढचा ब्रेक बसवला. फिक्स्डवर पाय रोखून फक्त मागचं चाक आवरतं, आणि थांबताना सगळं वजन तर पुढे येतं. बिनब्रेकची फिक्सी वेलोड्रोमवर ठीक, कर्वे रोडला नाही.

चाक विणलं मेकॅनिकनं, आउट काढला बाबांनी, ब्रेकच्या रबराकडे एक डोळा मिटून बघत, पाऊण तास. एक आरा पाव फेरी, थांब, परत बघ. नट त्यांनी आवळले आणि मग मलाही आवळून बघायला लावले.

चोराकडेही पाना असू शकतो, म्हणून कुलूप आता दोन. आणि पंक्चर झालं तर चाक काढायला माझ्या लॅपटॉप बॅगेत १५ नंबरचा पाना. सोमवारी गेटवर बॅग मशीनमधून गेली, तसा सिक्युरिटीवाला उठून उभा राहिला.

‘‘साहेब, हे काय?’’

‘‘पुढच्या चाकाचा पाना.’’

त्यानं पाना हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. ‘‘माझ्या पण सायकलीचं पुढचं चाक डुगडुगतंय,’’ तो म्हणाला. ‘‘संध्याकाळी जाताना जरा द्याल?’’