समजून घ्या : ऑपरेशन थिएटरमधली यादी एकच, मग निकाल वेगवेगळे का?

रुग्णालयात नवा नियम येतो, परिपत्रक निघतं, सह्याही होतात. पण कर्मचारी तो नियम खरंच पाळतील का? शस्त्रक्रियेच्या एका साध्या यादीने याचं उत्तर दिलं आहे.

ही यादी काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची 'सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट' आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी, अशी तीनदा सगळ्या टीमने थांबायचं. रुग्ण तोच ना, बाजू डावी की उजवी, ॲलर्जी आहे का, स्पंजची मोजणी जुळली का, हे मोठ्याने बोलून तपासायचं.

निकाल काय आले?

- सर्जन अतुल गावंडे यांच्या गटाने नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. गुंतागुंत ११ वरून ७ टक्के झाली.
- कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. तिथे मृत्यूचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के झालं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

ऑन्टारिओत मृत्यूदर मुळातच कमी होता, हे एक कारण असू शकतं. पण यादी लागू करण्याच्या पद्धतीवरही बरीच चर्चा झाली.

प्रमुखांचा संबंध काय?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील पाच रुग्णालयांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे प्रमुखांनी 'ही यादी का हवी' हे पटवून दिलं आणि 'ती कशी वापरायची' हे स्वतः करून दाखवलं, तिथे ती रुजली. जिथे फक्त आदेश निघाला, तिथे कर्मचारी वैतागले आणि सक्ती असूनही यादी मागे पडली.

कारण सोपं आहे. 'अँटिबायोटिक दिलं का?' असं नर्सने विचारल्यावर वरिष्ठ सर्जन खेकसले, तर पुढच्या वेळी ती न विचारताच खूण करेल. कागदावर काम १०० टक्के होईल, पण चूक पकडणारं कुणी उरणार नाही. त्याची किंमत टेबलावरचा रुग्ण मोजेल.

बदल रुजवायचा तर काय हवं?

- नियमामागचं कारण आधी सांगणं
- सराव आणि प्रशिक्षणासाठी वेळ देणं
- कनिष्ठांना 'थांबा' म्हणण्याची मुभा देणं
- वरिष्ठांनी तोच नियम स्वतः पाळणं

रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

ऑपरेशनला नेताना तुमचं नाव आणि कुठल्या बाजूचं ऑपरेशन आहे, हे दोन-तीनदा विचारलं तर चिडू नका. तो गोंधळ नसतो, ती तुमच्याच सुरक्षेची तपासणी असते. कुणीच विचारलं नाही, तर मात्र तुम्ही स्वतःहून सांगा.